एका डिस्कवर दोन सिस्टिम: जागा आखायची कशी, भरली की वाढवायची कशी

ड्युअल बूट असलेल्या, म्हणजे विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेल्या कॉम्प्युटरवर जागा संपल्याचा संदेश येतो तेव्हा बरेचदा डिस्क भरलेली नसतेच. सी ड्राइव्ह लाल झालेला असतो आणि शेजारी लिनक्सकडे साठ जीबी नुसते पडून असतात, किंवा बरोबर उलटं. जागा असते, पण बांधाच्या पलीकडे, डिस्कच्या दुसऱ्या तुकड्यात, म्हणजे पार्टिशनमध्ये. पहिल्यांदा लिनक्स टाकलं तेव्हा मी त्याला ३० जीबी दिले होते, 'बघू तरी' म्हणून. काही महिन्यांनी एका अपडेटच्या मध्येच ते भरलं. पासवर्ड बरोबर टाकला तरी लॉगिनची स्क्रीन पुन्हा पुन्हा समोर यायची. पासवर्ड विसरलो असं वाटून मी एक संध्याकाळ घालवली. खरं कारण एवढंच होतं की तात्पुरती फाइल लिहायलाही सिस्टिमला जागा उरली नव्हती.

तेव्हापासून मी आधी क्रम ठरवतो आणि मग आकडे. कोणाला किती जीबी द्यायचे हे नंतर बदलता येतं, पण कोण कोणाच्या शेजारी बसलंय हे बदलायला अख्खी रात्र जाते. खालचं सगळं विंडोज १० किंवा ११ आणि उबंटू किंवा लिनक्स मिंट या जोडीसाठी आहे. इतर लिनक्सवर मेनूंची नावं बदलतील, हिशेब तोच राहील.

आधी आहे ते नीट बघा

विंडोजमध्ये स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या पट्टीत डिस्क डावीकडून उजवीकडे जशी आहे तशी दिसते. साधारणपणे सुरुवातीला ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचं, बहुधा १०० ते २६० एमबी), मग सी आणि त्याच्यामागे एक रिकव्हरी पार्टिशन असतं. ईएफआय आणि सी यांच्यामध्ये मायक्रोसॉफ्टचं १६ एमबीचं एक राखीव पार्टिशनही असतं, पण ते इथे दिसत नाही. लॅपटॉप कंपनीने आपलं आणखी एखादं रिकव्हरी पार्टिशन जोडलेलं असू शकतं. यातलं काहीही 'छोटं आहे, उडवून टाकू' म्हणून उडवू नका. ईएफआय पार्टिशन तर दोन्ही सिस्टिम मिळून वापरणार आहेत.

डाव्या बाजूच्या 'डिस्क ०' या चौकटीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये 'व्हॉल्यूम्स' टॅब बघा. पार्टिशन स्टाइल, म्हणजे पार्टिशनचा तक्ता लिहिण्याची पद्धत, जीपीटी असेल तर पुढे जा. एमबीआर ही जुनी पद्धत असेल तर चारच प्रायमरी पार्टिशन करता येतात आणि २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. जुन्या मशीनवर ही अडचण येते. तिथे लिनक्सला एक्स्टेंडेड पार्टिशनच्या आत जागा द्यावी लागते.

आकड्यांचा एक गोंधळ आधीच मिटवून टाकू. ५१२ जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४७६ जीबी दिसते आणि १ टीबीची ९३१ जीबी. कोणी जागा चोरलेली नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी दोघंही 'जीबी'च लिहितात. उबंटूचा फाइल मॅनेजर हजाराच्या पटीत मोजतो. म्हणून विंडोजमध्ये १०० जीबी, म्हणजे १,०२,४०० एमबी मोकळे केले की उबंटूत ते १०७ जीबी दिसतील. खाली मी सगळे आकडे विंडोजच्या मापाने दिलेत.

क्रम

विंडोजचा सी ड्राइव्ह फक्त उजवीकडे वाढतो, आणि तेही लगेच उजवीकडची जागा मोकळी असेल तरच. मध्ये एखादं पार्टिशन आलं की 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' राखाडी होऊन बसतं, मग त्याच्यापलीकडे २०० जीबी रिकामे का असेनात. लिनक्सचं तसं नाही. त्याला डिस्कवर कुठेही एखादा तुकडा द्या, तो कोणत्याही फोल्डरच्या जागी जोडता येतो. गाणी, व्हिडिओ, व्हर्च्युअल मशीन, जे काही फुगतंय त्याचं फोल्डर नव्या तुकड्यावर गेलं की मूळ पार्टिशन मोकळं. विंडोजलाही फोल्डरच्या जागी ड्राइव्ह जोडता येतो, पण ज्या गोष्टींनी सी भरतो, म्हणजे अपडेट, प्रोग्रॅम आणि यूजर फोल्डरमधला ॲप्सचा पसारा, त्या तशा सहज हलत नाहीत.

यावरून मी वापरतो तो क्रम असा: डावीकडे ईएफआय आणि सी, सीला लागून दोघांच्या सामायिक डेटाचं पार्टिशन, त्याच्यानंतर लिनक्स आणि शेवटी रिकव्हरी. सी वाढवायची वेळ आली की डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवायचा, ते पार्टिशन काढायचं, सी वाढवायचा आणि डेटाचं पार्टिशन पुन्हा लहान करून बनवायचं. कॉपी व्हायला लागेल तेवढाच वेळ. दोन्ही सिस्टिमना हात लागत नाही. अनेक जण लिनक्स सीला चिकटून ठेवतात आणि डेटा शेवटी. तुम्ही विंडोज नावापुरतंच ठेवणार असाल तर तेही बरोबर, कारण मग लिनक्स उजवीकडे वाढू शकतं. ज्याचं पोट सुटणार आहे त्याच्या उजवीकडे सहज रिकामी करता येईल अशी गोष्ट हवी, एवढं पाहा.

आकडे

विंडोज ११ ची अधिकृत किमान अट ६४ जीबीची आहे, पण त्यात रोजचं काम करणं म्हणजे हाल. उबंटू डेस्कटॉपसाठी २५ जीबी सांगतात. मिंटसाठी किमान २० जीबी आणि शिफारस १०० जीबीची. किमान आकड्यावर सिस्टिम इन्स्टॉल होते, नांदत नाही.

५१२ जीबीच्या डिस्कवर माझी वाटणी अशी असते: सी २२०, डेटा १५०, लिनक्स ८० आणि साधारण २५ जीबी कोणालाच न देता मोकळे. ही मोकळी जागा मी सी आणि डेटा यांच्यामध्ये सोडतो. पहिल्या टंचाईला सी तिच्यात दोन मिनिटांत वाढतो. शिवाय एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग पडतो, म्हणून थोडी जागा अशीही रिकामी असलेली बरी. मोठे गेम खेळत असाल तर सीचा आकडा वाढवा, कारण हल्ली एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो.

२५६ जीबीच्या डिस्कवर वेगळं डेटा पार्टिशन करू नका. सी १४०, लिनक्स ६० आणि उरलेली जागा दोघांच्या मध्ये मोकळी. लहान डिस्कवर जितक्या भिंती घालाल तितके कोपरे वाया जातात. याच कारणासाठी मी लिनक्समध्ये रूट (सिस्टिमची जागा) आणि होम (आपल्या फाइलींची जागा) वेगळे करत नाही. पूर्वी तशी पद्धत होती आणि सिस्टिम पुन्हा टाकताना तिचा उपयोग होतो हे खरं, पण ८० जीबीच्या तुकड्यात रूटला ३० दिले तर कधीतरी रूट भरेल आणि होम अर्धं रिकामं राहील. जे दुखणं घालवायला बसलो तेच घरात आणल्यासारखं. स्वॅपसाठीही (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) वेगळं पार्टिशन लागत नाही, उबंटू १७.०४ पासून स्वॅप फाइलच बनवतो आणि ती लहानमोठी करता येते.

सी लहान करणे

१. बॅकअप घ्या, आणि तो याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नको. पार्टिशनचा तक्ताच बिघडला तर दोन्ही जातात.

२. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपवर ते आपल्या नकळत चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या डिव्हाइसवर उतरवून घ्या. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ही की मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा गेला. उबंटूचा इन्स्टॉलरही बिटलॉकर चालू दिसला की अडतो, म्हणून मी तो पूर्ण बंद करून डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबतो.

३. हायबरनेशन बंद करा. टर्मिनल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्या. याने दोन कामं होतात. रॅमच्या साधारण ४० टक्के आकाराची हायबरनेशन फाइल जाते, म्हणजे १६ जीबी रॅम असेल तर सहा जीबीच्या वर जागा सुटते. आणि फास्ट स्टार्टअप बंद होतं, ज्याची गरज पुढे लागणारच आहे.

४. 'डिस्क क्लीनअप' चालवा, 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स'सकट.

५. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडा आणि किती एमबी कमी करायचे तो आकडा द्या.

इथे अनेकांची गाडी अडते. सीवर ३०० जीबी रिकामे असतात आणि विंडोज म्हणतं, फक्त १२ जीबी कमी करता येतील. कारण असं की काही फाइली चालू विंडोजला हलवता येत नाहीत, आणि त्यातली एखादी पार उजवीकडे बसली असेल तर तिच्या अलीकडे बांध सरकत नाही. नेहमीचे आरोपी दोन: पेजफाइल (विंडोजची स्वॅप फाइल) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती. दोन्ही तात्पुरते बंद करा (रिस्टोअर बंद केलं की जुने रिस्टोअर पॉइंट पुसले जातात, हे लक्षात असू द्या), रीस्टार्ट करून पुन्हा श्रिंक करून बघा आणि काम झालं की दोन्ही चालू करा. तरीही आकडा वाढला नाही तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉगमध्ये २५९ क्रमांकाची नोंद शोधा. कोणती फाइल आडवी आली तिचं नाव त्यात लिहिलेलं असतं. हे फार थोड्यांना माहीत असतं आणि त्यापायी लोक उगाच पैसे देऊन पार्टिशनचे प्रोग्रॅम घेतात.

६. मोकळ्या झालेल्या जागेवर राइट क्लिक करून 'न्यू सिंपल व्हॉल्यूम'ने डेटाचं पार्टिशन एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये बनवा. ते मोकळ्या जागेच्या डाव्या टोकापासून सुरू होतं, म्हणून सीला लागून २५ जीबी सोडायचे असतील तर हे काम विंडोजमध्ये न करता लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लिनक्सवरून) जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रॅममध्ये करा. तिथे पार्टिशनच्या आधी किती जागा सोडायची ते सांगता येतं. लिनक्सचा वाटा मात्र तसाच मोकळा ठेवा.

७. लिनक्सचा इन्स्टॉलर जागा विचारेल तेव्हा 'विंडोजच्या शेजारी' हा सोपा पर्याय टाळा, नाहीतर क्रम तो ठरवेल. हाताने वाटणी करायचा पर्याय घ्या. शेवटच्या मोकळ्या जागेत ८० जीबीचं ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशन बनवून त्याचा माउंट पॉइंट, म्हणजे जोडायची जागा, '/' द्या. बूटसाठी आधीचंच ईएफआय पार्टिशन निवडा आणि त्याच्यासमोर 'फॉरमॅट'ची खूण नाही ना हे दोनदा बघा. तिथे खूण राहिली की विंडोज सुरू होणं बंद.

सामायिक पार्टिशनशी कसं वागायचं

एनटीएफएस का, तर विंडोजला ईएक्सटी४ सरळ वाचता येत नाही आणि लिनक्सला एनटीएफएस चांगलं येतं; २०२१ मध्ये आलेल्या ५.१५ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) तर लिहिण्यावाचण्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. एक्सफॅट दोन्हीकडे चालतं, पण त्यात जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवायची नोंद, नसतं, त्यामुळे लिहिता लिहिता वीज गेली तर सावरणं अवघड.

फास्ट स्टार्टअप बंद करायला सांगितलं त्याचं कारण इथे आहे. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि एनटीएफएस पार्टिशन आपल्याच ताब्यात आहेत असं धरून चालतं. तशात लिनक्सने तिथे काही लिहिलं तर जागं झालेलं विंडोज आपल्या जुन्या आठवणीवर विसंबून त्यावर हात फिरवतं आणि फाइली बिघडतात. म्हणून लिनक्स असं पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं जोडतं किंवा जोडतच नाही. 'काल लिहिता येत होतं, आज नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. मोठ्या अपडेटनंतर ही सेटिंग परत चालू झाली नाही ना, ते तपासत जा.

लिनक्स सुरू होताना हे पार्टिशन आपोआप जोडायचं असेल तर 'डिस्क्स' या प्रोग्रॅमच्या माउंट ऑप्शन्समध्ये 'नोफेल' हा शब्द असू द्या. तो नसेल आणि उद्या हे पार्टिशन तुम्ही काढलंत, तर लिनक्स सुरू होताना दीड मिनिट त्याची वाट बघत बसेल आणि मग दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर नेऊन सोडेल.

या पार्टिशनवर काय ठेवायचं? कागदपत्रं, फोटो, गाणी, व्हिडिओ, डाउनलोड. काय नाही? लिनक्सचं होम फोल्डर आणि लिनक्सवरून खेळायचे स्टीमचे गेम. त्यांना परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) आणि नावात कोलन चालणारी फाइल सिस्टिम लागते. नावांवरून आठवलं: लिनक्स फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन खुशाल घेऊ देतं, पण अशी फाइल मग विंडोजमध्ये उघडत नाही आणि पुसलीही जात नाही.

सगळ्यात लबाड जागा म्हणजे कचरापेटी. लिनक्समधून या पार्टिशनवरची फाइल डिलीट केली की ती त्याच पार्टिशनवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये जाते, ज्याचं नाव टिंब, 'ट्रॅश' आणि १००० असं काहीसं असतं. विंडोजचं रिसायकल बिन रिकामं करून ते हलत नाही. तसंच उलट, विंडोजचा कचरा लिनक्सला कचरा वाटत नाही. माझ्या पार्टिशनवर चाळीस जीबी असे महिनोन्‌महिने दडून बसले होते. दोन्ही कचरापेट्या आपापल्या सिस्टिममधून रिकाम्या करायच्या.

भरलंच तर आधी झाडू, मग फावडं

बांध सरकवण्याआधी साफसफाई करून बघा. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज इथे कशाने किती खाल्लं ते दिसतं. मोठ्या अपडेटनंतर राहिलेलं जुन्या विंडोजचं फोल्डर दहा दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर तिथूनच काढा. 'विनएसएक्सएस' हे फोल्डर अवाढव्य दिसतं आणि मोह होतो, पण त्यातल्या कितीतरी फाइली एकाच फाइलची दुसऱ्या ठिकाणची नावं असतात, त्यामुळे दिसणारा आकडा फसवा. त्याला हाताने हात लावू नका. डिस्क क्लीनअपमधल्या विंडोज अपडेटच्या पर्यायाने जेवढं निघेल तेवढंच काढा.

लिनक्समध्ये 'डिस्क यूसेज ॲनालायझर' उघडलं की गोलाकार चित्रात मोठी फोल्डरं दिसतात. बहुधा पुढच्यांपैकी काहीतरी सापडतं: डाउनलोड केलेल्या पॅकेजांचा साठा ('सुडो एपीटी क्लीन'ने जातो), जुने कर्नल ('सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह'), सिस्टिमची जर्नल नोंदवही, जी मूळ सेटिंगप्रमाणे ४ जीबीपर्यंत वाढू शकते, स्नॅपने टाकलेल्या ॲप्सच्या जुन्या आवृत्त्या आणि फ्लॅटपॅक ॲप्सचे कोणीच वापरत नसलेले रनटाइम. मिंटवर असाल तर सगळ्यात आधी टाइमशिफ्ट बघा. सिस्टिमच्या प्रती ते रूटवरच साठवत असेल तर बाकी कितीही झाडलं तरी व्यर्थ. दोनतीन प्रती ठेवा, बाकीच्या त्या प्रोग्रॅममधूनच पुसा.

ईएक्सटी४ स्वतःच पाच टक्के जागा रूट यूजरसाठी (लिनक्सचा सर्वाधिकारी यूजर) बाजूला काढून ठेवतं. ८० जीबीत ते ४ जीबी होतात. सिस्टिमच्या पार्टिशनवर हे असू द्या. फक्त डेटाचं ईएक्सटी४ पार्टिशन असेल तर 'ट्यूनटूएफएस'ने एक टक्क्यावर आणायला हरकत नाही.

बांध सरकवायचाच असेल

सी वाढवायचा असेल आणि मध्ये डेटा पार्टिशन असेल तर पद्धत वर आलीच: डेटा बाहेर, पार्टिशन डिलीट, सी 'एक्स्टेंड', नवं पार्टिशन, डेटा आत. नव्या पार्टिशनची ओळख, म्हणजे यूयूआयडी, बदललेली असते, म्हणून लिनक्समध्ये ते पुन्हा जोडून द्यावं लागतं.

लिनक्सचं पार्टिशन वाढवायला पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम सुरू करून जीपार्टेड उघडा, कारण चालू असलेलं रूट पार्टिशन स्वतःला सरकवू शकत नाही. पार्टिशनसमोर कुलूप किंवा किल्लीचं चित्र दिसलं तर ते वापरात आहे; आधी अनमाउंट (जोडलेलं सोडवणं) किंवा स्वॅपऑफ (स्वॅप बंद) करा. उजवीकडे मोकळी जागा असेल तर वाढ काही सेकंदांत होते. डावीकडची जागा घ्यायची असेल तर पार्टिशनची सुरुवातच सरकते, म्हणजे आतला सगळा डेटा उचलून पुढे न्यावा लागतो. याला तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर पार्टिशन संपलं. लॅपटॉप चार्जरला लावा, झाकण मिटल्यावर झोपण्याची सेटिंग बंद करा आणि बॅकअप झालाय का हे स्वतःला पुन्हा विचारा. त्यापेक्षा मी मोकळ्या जागेत नवं ईएक्सटी४ पार्टिशन बनवून त्यावर फुगलेलं फोल्डर हलवतो; काम दहा मिनिटांचं.

लिनक्स लहान करायचं असेल तर ईएक्सटी४ अनमाउंट करून लहान होतं. इन्स्टॉल करताना एक्सएफएस निवडलं असेल तर ते पार्टिशन वाढतं, पण लहान करण्याची सोय नाही. ड्युअल बूटसाठी ते न निवडण्याचं हे एकच कारण मला पुरतं. एनटीएफएसचा आकार जीपार्टेडने बदललात तर पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्क तपासेल; ते मध्ये तोडू नका.

आणि विंडोजमध्ये कधी 'हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करा' अशी खिडकी उघडली तर 'कॅन्सल'. ते लिनक्सचं पार्टिशन असतं, विंडोजला ते वाचता येत नाही इतकंच. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला मिळालेलं ड्राइव्हचं अक्षर काढून टाका, म्हणजे खिडकी परत येणार नाही.

लिनक्स काढून जागा विंडोजला परत द्यायची असेल तर

इथे क्रम चुकला की मशीन सुरू होताना 'ग्रब रेस्क्यू' किंवा नुसतं 'ग्रब' लिहिलेला काळा पडदा येतो, कारण ईएफआय पार्टिशनमधला ग्रब (कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्रॅम) आपली सेटिंग लिनक्सच्या पार्टिशनमध्ये शोधत असतो आणि ते तुम्ही पुसलेलं असतं. म्हणून आधी मशीनच्या यूईएफआय (पूर्वीचं बायॉस) सेटिंगमध्ये जाऊन बूटच्या यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' सर्वात वर आणा, विंडोज सरळ सुरू होतंय याची एकदा खात्री करा आणि मगच डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं पार्टिशन डिलीट करा. मोकळी झालेली जागा डेटा पार्टिशनच्या उजवीकडे असल्यामुळे आधी डेटाच वाढेल. सीला हवी असेल तर वरचीच हलवाहलव करा. ईएफआय पार्टिशनमध्ये 'उबंटू' नावाचं फोल्डर मागे राहतं. ते काही एमबीचंच असतं आणि कोणाला त्रास देत नाही, तेव्हा त्याच्या मागे न लागलेलं बरं.